खुंटीवरचे हेल्मेट आणि घराजवळचे अपघात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागील आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर दुचाकी घसरून एका तरुणाचा मृत्यू झाल्याची पाच-सहा ओळींची बातमी होती. गाडी कोणत्या बनावटीची होती, अपघात किती वाजता झाला, पंचनामा कधी झाला, हे सारे त्यात होते. तो तरुण आमच्या पलीकडच्या वाडीतला, वय वर्षे तेवीस. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. पडवीत बसलो असताना नजर सहज वर गेली, तर भिंतीवरच्या खुंटीला त्याचे हेल्मेट टांगलेले होते. आयएसआय शिक्क्याचे, पट्टा धड असलेले चांगले हेल्मेट. ते घालून तो रोज खेडला कामावर जात असे. त्या संध्याकाळी तो फक्त नाक्यावर दूध आणायला गेला होता आणि ज्या मोरीपाशी तो पडला ती मोरी त्याच्या अंगणातून दिसते. बातमीत न आलेले हे दोन तपशील, म्हणजे घरापासूनचे अंतर आणि हेल्मेट नेमके कोठे होते ते, मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३२ वर्षे नोकरी केली आणि २०१६ साली निवृत्त झालो. त्यांतील बहुतेक वर्षे दापोली तालुक्याच्या किनारपट्टीत गेली. आमची नोकरी मोटारसायकलवरचीच होती. पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्याच्या लशी बर्फाच्या डब्यात घालून वाडी-वाडी फिरायचे, कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचे भांडे कॅरिअरला दोरीने करकचून बांधायचे आणि रात्री-अपरात्री कोणाची गाय अडली की निरोप आल्याबरोबर बॅटरी घेऊन निघायचे, असा तो क्रम होता. आधी राजदूत होती, नंतर हिरो होंडा आली. दुचाकीला दोष देण्यासाठी मी लिहीत नाही. एसटीच्या दोन-तीन फेऱ्यांवर अवलंबून असलेल्या आमच्या गावांना दवाखाना, बँक आणि कॉलेज जवळ आणले ते याच वाहनाने. परंतु या वर्षांत जे अपघात मी जवळून पाहिले, ज्यांच्या घरी जाऊन बसलो, ते जवळजवळ सगळे घरापासून चार-पाच किलोमीटरांच्या आत झालेले आहेत, आणि निघताना जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते : "हितंच तर जायचंय."

कोकणातील रस्त्यांविषयी जे लिहिले जाते ते बहुतांशी मुंबई-गोवा महामार्गाविषयी असते. ते लिहिले गेलेच पाहिजे. पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि त्यानंतर किती गणपती चाकरमान्यांनी त्या खड्ड्यांतून गाठले, हे कोकणात कोणाला सांगायला नको. पण महामार्गावरचा दुचाकीस्वार निदान सावध असतो. तेथे पोलीस उभे असतात, ट्रक अंगावर येतात, म्हणून हेल्मेट डोक्यावर असते. फाट्यावरून गाडी गावाच्या रस्त्याला वळली की ते डोक्यावरून टाकीवर येते, टाकीवरून कोपरात अडकते, आणि दुसऱ्या दिवसापासून खुंटीवर जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्याने गेलेल्यांची संख्या ५०,०२९ आहे. हा आकडा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पडवीतल्या खुंट्याच येतात.

आता आमच्या किनाऱ्यावरच्या एका विशेष धोक्याविषयी लिहितो, कारण घाटमाथ्यावरच्या वाचकांना त्याची कल्पना नसेल आणि आमच्याकडच्या लोकांना त्याची इतकी सवय झाली आहे की तो धोका वाटेनासा झाला आहे. हर्णै असो, मिरकरवाडा असो वा मालवण, बंदरावरचा लिलाव आटोपला की मासळीच्या गाड्या भरून निघतात. खोक्यांतला बर्फ वितळतो, त्या पाण्यात मासळीचे रक्त, तेल आणि खवल्यांवरचा बुळबुळीत थर मिसळतो, आणि ते पाणी मागच्या फळीखालून वाटभर गळत राहते. सरळ रस्त्यावर त्याची बारीक धार असते, परंतु वळणावर किंवा चढावर गाडी कलली की हौद्यात साचलेले सगळे एकदम बाहेर येते. म्हणजे ज्या ठिकाणी दुचाकीच्या टायरला रस्त्याची पकड सर्वांत अधिक हवी, नेमक्या त्याच ठिकाणी ती नाहीशी होते. तारलीच्या दिवसांत हे पाणी अधिक वाईट असते, कारण तारली तेलाची मासळी आहे. दुपारच्या उन्हात तो डाग वाळतो आणि डांबरात मिसळून दिसेनासा होतो. संध्याकाळी दव पडले किंवा पावसाची हलकी सर येऊन गेली की तोच डाग साबण लावल्यासारखा होतो. मुसळधार पाऊस रस्ता धुऊन काढतो, घात होतो तो भुरभुर पावसात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, भर पावसात, आमच्या बंदराकडच्या वळणावर गाड्या सहसा घसरत नाहीत, आणि ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या की आठ-दहा दिवसांत पुन्हा घसरू लागतात. ज्याला शंका असेल त्याने एक वर्ष तेथे उभे राहून पाहावे.

त्याच वळणावर १९९३ सालच्या ऑक्टोबरमध्ये मी पडलो. सकाळचे सात वाजले असतील. पलीकडच्या गावात लसीकरण होते, अंतर तीन किलोमीटर. खात्याच्या दवाखान्यात माझे हेल्मेट खिळ्याला अडकवलेले होते आणि शिपायाने ते पुढे केले असता, "असू दे रे, हितंच तर जायचंय," असे मीच म्हणालो होतो. वेग तीसच्या वर नव्हता. उतारावर गाडी वळणात कलवली, मागचा ब्रेक किंचित दाबला आणि गाडी अंगाखालून कोणी ओढून घ्यावी तशी गेली. घसरत जाऊन मी थांबलो तेव्हा जांभ्या चिऱ्याचा कठडा डोक्यापासून वीतभर अंतरावर होता. उजव्या खांद्याजवळचे हाड मोडले होते, लशीचा डबा फुटून बाटल्या खाली गवतात गेल्या होत्या. मला उचलून जीपमध्ये घातले तेव्हा माझ्या केसांना आणि शर्टाला बांगड्याचा वास येत होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आधी तेच विचारले, "बंदरावर पडलात का?" ती वीतभर जागा कमी असती तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो. त्यानंतर मी हेल्मेटाशिवाय गाडीला किक मारलेली नाही. परंतु घरातल्या माणसांच्या डोक्यावर ते चढवण्याइतका आग्रह मी धरला नाही, आणि त्याची किंमत आम्ही पुढे अकरा वर्षांनी मोजली.

ते सांगण्यापूर्वी गुरांविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तो माझा विषय आहे. पावसाळ्यात रात्री रस्त्यावर बसलेल्या गुरांना धडकून दुचाकीस्वार मेल्याची बातमी आली की लोक गुरांना किंवा नशिबाला बोल लावतात. गुरे रस्त्यावर का बसतात हे समजून घेतले तर उपायही सुचतो. पावसाळ्यात आजूबाजूची जमीन चिखलाने भरलेली असते, डांबर मात्र पाऊस थांबला की लवकर सुकते आणि दिवसाची ऊब धरून ठेवते. उघड्या रस्त्यावर वारा असतो, त्यामुळे माश्या-चिलटे कमी त्रास देतात. भातशेती उभी असल्याने शेतात शिरायला मज्जाव. नांगराला पॉवर टिलर आले, घरे बंद करून माणसे मुंबईला गेली, आणि ज्यांना पूर्वी संध्याकाळी गोठ्यात दावे मिळत असे ती जनावरे आता रस्त्यालाच गोठा समजतात. काळी म्हैस किंवा तांबडी गावठी गाय ओल्या डांबरावर बसली की दिव्याच्या उजेडात दिसत नाही. जनावराचे डोळे चमकतात ते तोंड आपल्याकडे असेल तरच, पाठमोरे बसलेले जनावर काळ्या दगडासारखे असते. शिवाय एक गोष्ट दुचाकीस्वारांना माहीत नसते. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते, मग पुढचे पाय सावरते आणि पुढे झोक देते. ती बसलेलीच राहील अशा हिशेबाने जो बाजूने काढायला जातो, त्याच्या पुढ्यात ती ऐन वेळी उठून उभी राहते. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे जनावर दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते आणि ओल्या रस्त्यावरचे थांबणे त्याच्या पुढे सुरू होते. आमच्या भागात एक वीजतंत्री याच कारणाने गेला. रात्रीची तार जोडून तो घरी परतत होता, आणि धडकलेली गाय त्याच्याच चुलत्याची होती.

माझा चुलत भाऊ २००४ साली गेला. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान, वय अडतीस. गणपतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. घरात बायकांचा हरतालिकेचा उपास होता, मखराचे काम अर्धे झाले होते आणि विड्याची पाने, कापूर आणि दिव्यांची माळ आणायला तो बाजारात गेला. अंतर अडीच किलोमीटर. परत येताना वाडीच्या तोंडाशी कुत्रे आडवे आले आणि तो पडला. गाडीला फारसे काही झाले नाही. तो स्वतः उठला, गाडी उभी केली, सांडलेली पाने गोळा केली आणि घरी आला. पायरीवर बसून ढोपराचा चिखल धुताना त्याने मला सांगितले ते शब्द अजून कानांत आहेत : "काय नाय झालं दादा, जरासं खरचटलंय. डोकं थोडं आपटलं, पण ठीक आहे." कानाच्या वरच्या बाजूस लहानसे टेंगूळ होते. भावजयीने त्यावर हळद लावली. त्याने चहा घेतला आणि मखराला माळ लावायला स्टुलावर चढला. तासभर काम केले, मुलांशी चेष्टा केली. साडेआठच्या सुमारास डोके दुखते म्हणाला. जेवला नाही. साडेनऊला त्याला उलटी झाली. आम्ही ते पित्त समजलो. दिवसभराची धावपळ, उन्हात जाणे, वेळेवर न खाणे, म्हणून काकूने त्याला कोकमाचे सरबत करून दिले आणि "नीज आता, सकाळी लवकर उठायचंय" असे सांगून माजघरात अंथरूण घातले. तो लगेच झोपला आणि घोरू लागला. तो एरवी घोरत नसे. शेजारच्या खोलीतून ते घोरणे ऐकत मी मखराच्या पुठ्ठ्याला रंग देत बसलो होतो आणि बरे झाले, बिचाऱ्याला झोप लागली, असे मनात म्हणत होतो.

दोन वाजता भावजय त्याला पाणी द्यायला उठली तेव्हा तो जागा होईना. मी बॅटरी घेऊन गेलो आणि त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली होती आणि उजेड पडला तरी आकसत नव्हती, उजवी मात्र बारीक होत होती. मी ३२ वर्षांत शेकडो जनावरांच्या डोळ्यांत अशी बॅटरी मारून पाहिली आहे. धडकलेले, दरडीवरून पडलेले जनावर तपासताना सर्वप्रथम हेच पाहायचे, हे मी नव्या मुलांना शिकवत असे. त्या रात्री नऊ वाजता, साडेनऊ वाजता, माझ्या हातापासून दहा पावलांवर ती बॅटरी होती. भावाच्या डोळ्यांत ती मारून पाहावी हे मला सुचले नाही, कारण तो बोलत होता, चालत होता, घरी आलेला होता. जीप मिळाली, ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले की डोक्यात रक्तस्राव आहे आणि ज्या ठिकाणी सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते तेथे न्यावे लागेल. आम्ही मुंबईच्या वाटेला लागलो. कशेडी घाट चढत असताना, उजाडण्यापूर्वी, तो गेला. त्या वर्षी आमच्या घरी गणपती आला नाही. रंगवून, नाव लावून ठेवलेली आमची मूर्ती गणपतीच्या शाळेतच राहिली आणि मूर्तिकाराने आपल्या गणपतीबरोबर तिचे विसर्जन केले. भावाचे हेल्मेट पडवीत खुंटीवर होते. पुढे कित्येक महिने ते खाली काढायचे कोणाला धैर्य झाले नाही.

नंतर डॉक्टरांनी मला समजावून सांगितले ते सर्वांना माहीत असावे, म्हणून येथे सविस्तर लिहितो. कानाच्या वर कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. तेथे मार लागून ती फाटली की कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. सुरुवातीचे काही तास माणूस अगदी ठीक असतो, बोलतो, हसतो, कामही करतो. रक्त साठून मेंदूवर दाब वाढला की मग तो ढासळतो. ते रक्त वेळेवर काढले तर असे रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी येतात. म्हणून दुचाकीवरून पडून ज्याचे डोके आपटले आहे, त्याला पुढील निदान २४ तास एकटे सोडू नये. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी होणे, अवेळी गुंगी किंवा झोप येणे, बोलणे विसंगत होणे, हात-पाय एका बाजूला लुळे पडणे, झटका येणे, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. झोपलेल्या माणसाला मधूनमधून हाक मारून जागे करावे आणि नाव-गाव विचारावे. उलटी झाली म्हणून कोकम देऊन निजवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि बोलवतानाच डोक्याला मार आहे हे सांगावे.

हेल्मेट काय करते हेही नीट समजावून सांगितले जात नाही. लोकांना वाटते की कडक कवच डोके वाचवते. खरे काम आतल्या थर्मोकोलसारख्या थराचे असते. डोके आपटते त्या क्षणी तो थर चेपला जातो, त्यामुळे डोके एकदम न थांबता किंचित वेळ घेऊन थांबते, आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठा आपट बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे. आठवडा बाजारात दोन-अडीचशे रुपयांना मिळणाऱ्या टोपीवजा हेल्मेटात हा थर एकतर नसतो किंवा स्पंजाचा असतो, आणि ती पोलिसांना दाखवण्यापुरतीच उपयोगाची. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे यांना बंदी आहे, तरी ती विकली जातात. पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेले हेल्मेट माणूस जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच दूर उडालेले असते, हे मी स्वतः पाहिले आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. माझ्या भावाला लागलेला मार तर चालत्या सायकलवरून पडल्याएवढाच होता. हेल्मेटाने तो सहज झेलला असता, असे डॉक्टरांनीच मला सांगितले.

मागे बसणाऱ्यांचा विचार तर आपण करतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट आवश्यक आहे, आणि वर दिलेल्या ५०,०२९ मृतांमध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. आमच्याकडे बाई एका बाजूला पाय सोडून बसते, एका हातात पिशवी, मांडीवर मूल, धरायला काही नाही. आमच्या शेजारची सून अशीच माहेराहून येत होती. वाडीतल्या कोणीतरी आपल्या घरापुढे बांधलेला, ना पट्टे ना फलक, असा गतिरोधक अंधारात दिसला नाही. नवरा आणि मूल सुखरूप राहिले, ती मात्र मागच्या मागे उताणी पडली आणि डोक्याची मागची बाजू आपटली. वाचली, घरी आली, सगळी कामे करते. पण त्या दिवसापासून तिला वास येत नाही. कालवण चुलीवर करपून धूर झाला तरी तिला कळत नाही आणि गॅस उघडा राहिला तर धाकट्या मुलीने सांगावे लागते. अशा दुखापती कोणत्याही आकडेवारीत येत नाहीत.

शाळकरी मुलांच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांना मी एवढेच सांगेन की २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ खाली अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहावीतला मुलगा गाडी चालवतो याचे कौतुक पाहुण्यांपुढे केले जाते, ते पाहून मला फार वाईट वाटते.

अपघात पाहून न थांबता निघून जाणाऱ्यांविषयीही एक शब्द. पोलिसांचे झंझट मागे लागेल ही भीती आता खरी उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ मध्ये कलम १३४अ ने ते कायद्यातच आले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. फक्त उचलताना मान हलू देऊ नये आणि दोघांनी मिळून आधार दिल्याशिवाय हेल्मेट ओढून काढू नये.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मासळीच्या प्रत्येक गाडीच्या हौद्याखाली पाणी साठवणारी टाकी असावी आणि ती रस्त्यावर नव्हे, ठरवून दिलेल्या जागी रिकामी केली जावी. मासळीचा व्यवसाय करणारे आमचेच भाऊबंद आहेत, त्यांचीही मुले याच वळणांवरून कॉलेजला जातात, त्यामुळे त्यांनी स्वतःहून हे करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने बंद पडलेला कोंडवाडा पुन्हा सुरू करावा, आणि तो होईपर्यंत पावसाळ्यापूर्वीच्या लसीकरणाच्या वेळीच मोकाट गुरांच्या गळ्यात चकाकणारे पट्टे बांधावेत. लसीकरणासाठी जनावर धरलेले असतेच, पट्टा बांधायला एक मिनिट लागते. आमच्या गावात आम्ही चौघा-पाच निवृत्तांनी गेल्या पावसाळ्यात वर्गणी काढून चाळीस जनावरांना असे पट्टे बांधले. काही तुटले, काही गुरांनी चघळले, पण बरेचसे टिकले.

आपल्या दैनिकाला मात्र एक विशेष विनंती आहे. दुचाकीच्या अपघाताची बातमी कितीही लहान असली तरी तिच्यात दोन गोष्टी अवश्य द्याव्यात : अपघाताची जागा त्या व्यक्तीच्या घरापासून किती अंतरावर होती आणि हेल्मेट कोठे होते. आपल्या वार्ताहरांना ही माहिती पोलीस पाटलाकडून किंवा घरच्यांकडून सहज मिळेल. वर्षभर हे छापून आले तर मी जे आठवणींच्या आधारावर म्हणतो आहे ते खरे की खोटे, हे जिल्ह्याला समजेल, आणि दूध आणायला निघालेल्या एखाद्याचा हात खुंटीकडे जाईल.

पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझ्या पडण्याची हकिकत आणि कायद्याची कलमे खुशाल वगळावीत. परंतु डोके आपटल्यानंतरची उलटी, गुंगी आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांविषयीचा मजकूर कृपया जसाच्या तसा छापावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. दापोली, जि. रत्नागिरी